लॉकडाऊनच्या बॅचचं नेमकं काय हुकलं, आणि ते आता कसं भरून काढायचं

प्रश्न असा आला आहे: "सर, मी 2019 ची एमबीबीएस बॅच. पहिल्या वर्षाचे शेवटचे महिने घरी मोबाइलवर गेले, पुढेही कॉलेज उघडायचं आणि बंद व्हायचं. इंटर्नशिप झाली, आता नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडवर वैद्यकीय अधिकारी आहे. परीक्षेत गुण चांगले होते, पण पेशंटच्या पोटावर हात ठेवला की वाटतं, हे मला खरं कुणी शिकवलंच नाही. रात्रीच्या कॉलची धास्ती वाटते, झोप लागत नाही. आमच्या बॅचचं जे हुकलं ते भरून निघेल का, की आम्ही असेच अर्धवट राहणार?"

डॉक्टर, भरून निघेल. पण त्याआधी नेमकं काय हुकलं ते नीट बघायला हवं, कारण तुमच्या बॅचची बरीच मुलं भलत्याच ठिकाणी डागडुजी करताना मला दिसतात. हात चालत नाही म्हणून रात्री पुन्हा ॲपवरची लेक्चरं लावून बसतात. वाचलेलं तुमच्याकडे भरपूर आहे, ते गुणांवरून दिसतंच. तुमची हुकली ती सोबत. शेजारी उभं राहून तुमचा हात योग्य जागी नेणारं माणूस हुकलं, वॉर्डात तुमच्याआधी चुकणारा मित्र हुकला, हॉस्टेलवर रात्री अकराला "मलापण काही येत नाही गं" म्हणणारी रूममेट हुकली. शिकणं एकीकडे बिघडलं आणि मन दुसरीकडे, असं मला वाटत नाही. दोन्हीचं नुकसान एकाच जागी झालं आणि म्हणून दुरुस्तीही एकाच जागी होते.

मी खानदेशात मेडिसिन शिकवतो. टाळेबंदीच्या आधीच्या, त्या काळातल्या आणि नंतरच्या, तिन्ही प्रकारच्या बॅचेस माझ्या वॉर्डातून गेल्या आहेत, त्यामुळे फरक समोर दिसतो. जे सांगतोय ते त्या जोरावर.

तुमच्या बॅचचं दुर्दैव असं की क्षमताधारित अभ्यासक्रम तुमच्यापासूनच, 2019 पासून लागू झाला. पहिल्या वर्षापासून पेशंट दाखवायचा, हाताने करायच्या गोष्टींची नोंद लॉगबुकात ठेवायची, संवाद आणि वैद्यकीय नीतीचे तास घ्यायचे, असा त्याचा सगळा भर. त्यात 'डोॲप' नावाची पद्धत आहे: आधी शिक्षकाने करून दाखवायचं, मग विद्यार्थ्याने निरीक्षण करायचं, मग मदत करायची आणि शेवटी स्वतः करायचं. वर्ष रुळतंय तोवर 22 मार्च 2020 चा जनता कर्फ्यू आला, 25 मार्चपासून देश बंद झाला, हॉस्टेलं रिकामी करायला सांगितली. चार पायऱ्यांतल्या पहिल्या दोन कशाबशा पडद्यावर येतात. तिसरी आणि चौथी येत नाहीत. तुमची बॅच दुसऱ्या पायरीवर थांबली आणि परीक्षा मात्र वेळापत्रक निघेल तशा होत गेल्या.

तुमच्या बॅचची मुलं घरी गेली तेव्हा कित्येकांचा बोनसेट हॉस्टेलच्या ट्रंकेतच राहिला, कारण आठ-पंधरा दिवसांत परत येऊ अशी सगळ्यांची समजूत होती. ज्यांनी नेला त्यांच्यातल्या काहींना घरात माणसाची हाडं ठेवायला आजीने मज्जाव केला, ती पोतडी गोठ्यात किंवा माळ्यावर गेली. शवविच्छेदनात डोकं, मान आणि मेंदू हा भाग बहुतेक ठिकाणी वर्षाच्या शेवटी येतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो फक्त व्हिडिओत पाहिला. देहदानही त्या काळात जवळपास थांबलं होतं, त्यामुळे परत आल्यावर ते भरून काढायलाही साधन अपुरं होतं.

ऑनलाइन तासांबद्दल बाहेरच्या लोकांना वाटतं की अडचण फक्त नेटवर्कची होती. ती होतीच. धडगाव, मोलगीकडची मुलं रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसत, दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारपर्यंत संपे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो, त्यात पत्र्याच्या घरात, लाइट गेलेली, आणि हातात तापलेला मोबाइल. पण शिक्षक म्हणून मला जास्त खटकलं ते वेगळंच. समोर नावांच्या काळ्या चौकटी असत. "कळलं का?" विचारलं की चॅटमध्ये 'येस सर' उमटे. वर्गात निम्म्या पोरांचे चेहरे बघून मी तोच मुद्दा दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगतो. त्या चौकटींना चेहरा नव्हता. कुणाला कळलं नाही हे मला दिसत नव्हतं आणि शेजारच्यालाही कळलेलं नाही हे त्या मुलाला दिसत नव्हतं. घरात एकटा बसलेला मुलगा असंच धरून चालतो की सगळ्यांना येतंय, फक्त मलाच येत नाही. तुमच्या पत्रातली "आम्ही अर्धवट" ही भावना तिथे रुजली आहे.

आता हाताबद्दल. वर्ग पुन्हा प्रत्यक्ष सुरू झाल्यानंतरचं एक क्लिनिक सांगतो. सातपुड्यातला एक किशोरवयीन मुलगा, सिकलसेलचा, पोटात जडपणा वाटतो म्हणून दाखल झालेला. तुमच्याच वयाच्या एका विद्यार्थिनीला मी तपासायला सांगितलं. स्प्लीन म्हणजे पाणथरी मोठी होण्याची कारणं तिने घडाघडा सांगितली, एकही सुटलं नाही. आपल्या आदिवासी भागात सिकलसेल असूनही स्प्लीन बऱ्याचदा मोठ्या वयापर्यंत हाताला लागते, कारण इथल्या प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं, हेही तिला माहीत होतं. मग तिने हात थेट डाव्या बरगडीखाली ठेवला, दाबून पाहिलं आणि म्हणाली, "सर, नॉट पाल्पेबल," म्हणजे हाताला लागत नाही. त्या मुलाची स्प्लीन बेंबीच्या खाली उतरलेली होती. तिची बोटं स्प्लीनच्या अंगावरच होती, म्हणून कड लागत नव्हती. मी तिचा हात उचलून उजव्या जांघेच्या वर नेला, तळवा सपाट ठेवायला लावला, मुलाला लांब श्वास घ्यायला सांगितला आणि प्रत्येक श्वासाला बोटभर वर सरकायला सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला कड तिच्या बोटावर येऊन टेकली, आणि तिचा चेहराच पालटला. पुढच्या आठवड्यात तीच मुलगी ज्युनियरला हात सपाट ठेवायला शिकवत होती.

या सगळ्याला मोजून काही मिनिटं लागली. वाचनाचा त्यात काहीच कमीपणा नव्हता. कुणीतरी बघायला हवं होतं, इतकंच. हे मी इतक्या तपशिलाने सांगतोय कारण तुमच्या मनात खड्डा फार मोठा झालाय. खड्डे आहेत, पण ते असे छोटे, वेगवेगळे आणि भरण्याजोगे आहेत. बीपी घेताना आधी नाडी चाचपून वरचा आकडा अंदाजायचा, छाती ठोकून बघताना मनगटातून ठोका मारायचा, बाळाचं डोकं बाहेर येताना दुसरा हात कुठे हवा, अशा गोष्टी सांगून येत नाहीत, कुणासमोर करून येतात.

टाळेबंदी उठल्यावरही तुमची गाडी रुळावर का आली नाही, याचं एक कारण फारसं बोललं जात नाही. पदवीच्या मुलांना हाताची कामं प्राध्यापक कमीच शिकवतात. संध्याकाळी वॉर्डात पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिकणारा डॉक्टर असतो, तो सांगतो, "ये, ही राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) तू टाक, मी बघतो." 18 एप्रिल 2021 ची नीट पीजी, म्हणजे याच पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, दुसऱ्या लाटेत पुढे गेली, 11 सप्टेंबरला झाली आणि आरक्षणाच्या न्यायालयीन प्रकरणामुळे समुपदेशन जानेवारी 2022 मध्ये सुरू झालं. म्हणजे कितीतरी महिने वॉर्डात रेसिडेंटची एक अख्खी फळीच नव्हती. जे होते ते दुप्पट ड्यूट्या करून पेंगुळलेले. त्यांच्याकडून शिकवण्याची अपेक्षा कुणी कशी करावी? तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या संध्याकाळी तिथेच गेल्या.

संध्याकाळच्या वॉर्डाचं महत्त्व मला फार वाटतं. राउंडला सरांसमोर "बरं शे" म्हणणारी शिरपूरकडची म्हातारी संध्याकाळी कॉटच्या कडेला बसलेल्या विद्यार्थिनीला सांगते, "माय, रातभर दम लागस." निदान तिथे हाती लागतं. अंतराच्या नियमात, मास्क आणि फेसशिल्डच्या आड ही बैठक मोडली आणि कित्येक ठिकाणी ती अजून नीट बसलेली नाही.

तुमच्या आधीच्या दोन-तीन बॅचेसचं गणित वेगळं होतं. मे 2021 मध्ये इंटर्नना शिक्षकांच्या देखरेखीखाली कोविड ड्यूटी द्यायचा आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सौम्य रुग्णांची फोनवरून देखरेख द्यायचा निर्णय केंद्राने घेतला. त्या मुलांनी हाय फ्लो ऑक्सिजन, पालथं झोपवणं, एबीजी म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी, स्टेरॉइडचे डोस असं खूप काही केलं. ऑक्सिजनचा हिशेब ठेवणं हे त्यांच्याइतकं आमच्या पिढीला कधी येत नव्हतं. नंदुरबारला तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच ऑक्सिजन प्लांट उभे करायला घेतले होते, त्याचा उपयोग दुसऱ्या लाटेत सगळ्यांनी पाहिला. असं नियोजन डोळ्यांसमोर होताना बघणं हेही शिक्षणच होतं. पण नियोजित शस्त्रक्रिया बंद, बाह्यरुग्ण विभाग ओस, वॉर्डात एकच आजार. सॅच्युरेशन आणि सीटी स्कोअर यांवर सगळा निवाडा. पीपीई किटमध्ये स्टेथोस्कोप कानाला लावता येत नसे. त्या काळात तयार झालेला डॉक्टर मॉनिटरकडे आधी बघतो, पेशंटकडे नंतर. त्यांना मी तेच सांगतो जे तुम्हाला सांगणार आहे.

मनाच्या बाजूने पाहिलं तर खानदेशातल्या मुलांवर एक वेगळाच भार होता. यातली कितीतरी मुलं घरातली, कधी कधी गावातली पहिली डॉक्टर होऊ घातलेली. टाळेबंदीत ती गावी आली आणि गावाने त्यांना डॉक्टर धरलं. पहिल्या वर्षाच्या पोराला, ज्याने अजून फार्माकॉलॉजी म्हणजे औषधशास्त्र उघडलेलं नाही, लोक विचारत, "रेमडेसिव्हिर लावू का? जळगावला नेऊ की धुळ्याला?" घरात कुणी गेलं तर नातेवाईक बोलून दाखवत, "डॉक्टर घरात असून..." मुलींना तर स्वयंपाक, धुणी, धाकट्यांचं बघणं हे सगळं सांभाळून तासाला बसायचं. झोप उलटी झाली: दिवसा घरकाम आणि लेक्चर, रात्री दोनपर्यंत मोबाइल. बऱ्याच जणांची ती सवय अजून सुटलेली नाही, आणि तुमच्या निद्रानाशाची सुरुवातही तिथे झाली का, हे तुमचं तुम्हीच तपासा.

त्यात अनिश्चितता. विद्यापीठाच्या अंतिम परीक्षेऐवजी नेक्स्ट ही देशभरची एकच परीक्षा तुमच्याच बॅचपासून लागू होणार असं जाहीर झालं, 28 जुलै 2023 ला सराव परीक्षाही ठरली, आणि त्याच महिन्यात ती पुढे ढकलली. एका अख्ख्या बॅचने अंतिम वर्षात दोन वेगवेगळ्या परीक्षांची तयारी डोक्यात बाळगली. यावर कुणी "तुमची पिढी नाजूक आहे" म्हणालं तर मला राग येतो. "कोविड बॅच" म्हणून वॉर्डात चारचौघांत टोमणा मारणारे शिक्षकही मी ऐकले आहेत. ते बंद झालं पाहिजे. ज्याला हात लावायची भीती आहे त्याला टोमणा मारला की तो हात खिशात घालतो.

हे फक्त तुमच्या बॅचचं नाही, हेही माहीत असू द्या. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाने 2024 मध्ये अहवाल दिला. त्याच्या ऑनलाइन पाहणीत पदवीच्या 25,590 विद्यार्थ्यांनी भाग घेतला, त्यातल्या 27.8 टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं आणि 16.2 टक्क्यांनी स्वतःला इजा करण्याचे किंवा आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं. पाहणीत भाग घेणं ऐच्छिक होतं, म्हणून हे आकडे सगळ्यांना जसेच्या तसे लावू नयेत. पण तुमच्यासारखी माणसं आजूबाजूला किती आहेत, याचा अंदाज येतो.

तुमच्या झोपेबद्दल म्हणून स्पष्ट विचारतो. झोप न लागणं दोन आठवड्यांच्या वर चाललंय का? जेवणावरची, माणसांवरची इच्छा गेली आहे का? मरणाचे विचार येतात का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर थांबू नका. मुलं बिचकतात ती एका कारणाने: आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ मोजके, ते आपल्याच सरांचे मित्र, बातमी फुटेल. ही भीती मला खोटी वाटत नाही. टेली-मानस या सरकारच्या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठीच आहे. चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं, आणि तुमचं नाव-गाव कुणाला कळण्याची गरज नाही. बोलणं सुरू झालं की पुढे दुसऱ्या जिल्ह्यातल्या तज्ज्ञाकडे जाता येतं. औषध लागलं तर घ्यावं. पेशंटला आपण हेच सांगतो.

आता हात. एमबीबीएस पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या फंदात पडू नका. रोज ओपीडीत एकच पेशंट निवडा आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत, घाई न करता तपासा. बाकीची ओपीडी नेहमीच्या वेगाने होऊ द्या. जे सापडलं ते दोन ओळींत वहीत लिहा, आणि ज्याची खात्री नाही त्यापुढे खूण करा. आठवड्याला त्या खुणा घेऊन कुणाला तरी फोन करा: जुने सर, ग्रामीण रुग्णालयातला फिजिशियन, एमडी करणारा सीनियर. आम्हाला असे फोन आवडतात, त्रास होत नाही. साप्ताहिक सुट्टी मिळते तेव्हा, वरिष्ठांना सांगून, नंदुरबारच्या किंवा धुळ्याच्या मोठ्या रुग्णालयात एक सकाळ राउंडला उभ्या राहा आणि सांगा, "सर, मी तपासते, तुम्ही बघा." ही विनंती करायला भीड वाटेल. ती एकदाच वाटते.

तुमच्या केंद्रातच शिक्षक आहेत. ज्या एएनएम सिस्टरने शेकडो बाळंतपणं केली आहेत, त्यांच्याशेजारी उभं राहून हात धुऊन घ्या आणि "सिस्टर, यावेळी मी करते, तुम्ही हात धरा" म्हणा. डॉक्टरने नर्सकडून शिकण्यात काही कमी होत नाही. आशाताईकडून भाषा शिका. तिथे पावरी, भिली चालते, आणि "कधीपासून", "कुठे", "किती वेळा" एवढे तीन प्रश्न त्यांच्या बोलीत विचारता आले तरी पेशंट खुलतो. शरीररचनेचा राहिलेला भाग अख्खा वाचायला बसलात तर तो कधीच संपणार नाही. जखम शिवायच्या आधी त्या भागाची एकच आकृती बघा, मानेची गाठ आली की त्या दिवशी मान वाचा. वर्षभरात बराचसा भाग असाच उरकतो, आणि पेशंटच्या चेहऱ्यासकट लक्षात राहतो.

लॉगबुकांवर एका बैठकीत सह्या उरकल्या गेल्याचं मी पाहिलं आहे. ज्यांच्या हातात शिकवणं आहे त्यांना माझं सांगणं आहे की येणाऱ्या इंटर्नना पहिल्या दिवशीच निर्मळपणे विचारा, कुठल्या गोष्टी फक्त पाहिल्या आहेत आणि कुठल्या स्वतः केल्या आहेत. मग जे स्वतः केलेलं नाही ते महिनाभरात आपल्यासमोर करून घ्या. त्यासाठी वेगळा निधी, वेगळी इमारत, काहीही लागत नाही.

राहिली रात्रीच्या कॉलची धास्ती. धास्ती मोघम असते तोवर झोपू देत नाही, म्हणून तिला नावं द्या. तुमच्या भागात रात्री जीव घेणारे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत: साप चावलेला, बाळंतपणानंतर रक्तस्राव, गरोदर बाईला झटके, न रडणारं बाळ. प्रत्येकासाठी पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं ते एका कागदावर, स्वतःच्या अक्षरात लिहून लेबर रूमच्या भिंतीवर लावा. सर्पदंशात 20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी कशी करायची, त्यासाठी कोरडी काचेची नळी कुठे ठेवली आहे. रक्तस्रावासाठीचं ऑक्सिटोसिन फ्रीजच्या कुठल्या कप्प्यात. झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस किती. बाळाची बॅग आणि मास्क कुठल्या खणात, आणि मास्कचा आकार बरोबर आहे ना. महिन्यातून एकदा दुपारी ओपीडी संपल्यावर सिस्टर, शिपाई, ड्रायव्हर यांना घेऊन हे सगळं बाहुलीवर किंवा उशीवर प्रत्यक्ष करून बघा. औषधाची मुदत आणि सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या कुप्या त्याच दिवशी मोजा. आणि 108 ची गाडी तुमच्या केंद्रापर्यंत पोचायला पावसाळ्यात नेमका किती वेळ लागतो, घाटात कुठे अडते, हे ड्रायव्हरला आजच विचारून त्याच कागदावर खाली लिहून ठेवा.